दचकलेल्या माणसाचे हात

सरांबद्दल लिहायला बसलो की मी उठतो. पाणी पितो. गॅलरीतले कपडे चाचपतो, ओले असले तरी आत घेतो आणि पुन्हा बाहेर टाकतो. बायको म्हणाली, "एका माणसाबद्दल चार ओळी लिहायच्या, त्याला एवढ्या येरझाऱ्या?" मी म्हटलं, उकडतंय. सोलापुरात ही सबब बाराही महिने चालते.

मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि सर चित्रकला. शिवाय ते माझे घरमालक. विणकरांच्या भागात त्यांचं घर होतं. वरच्या दोन खोल्या माझ्याकडं, खाली सर आणि काकू. आजूबाजूला यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू असायची. लाइट गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि रस्त्यातली माणसं मान वर करून बघायची. सर तेवढ्यासाठी ओट्यावर येऊन बसत. "आवाजाला कुणीबी दचकतं मास्तर," ते म्हणत. "आवाज गेल्याला दचकणारं माणूस बघावं."

राहायला गेलो त्या दिवशी गादीची वळकटी जिन्यावरून ओढत नेत होतो. वळणावरच्या दारामागं कुणीतरी पितळेची परात आपटली. माझी मान फिरली, पाय जागीच थांबले. दारामागून पायजमा-सदऱ्यातला एक किरकोळ माणूस बाहेर आला. त्याच्या हातात पेन्सिलीचा तुकडा आणि पत्रिकेच्या जाड कागदाचं कापलेलं कार्ड होतं.

"आगु, आगु," तो म्हणाला. त्याच्या घरची भाषा तेलुगू. आगु म्हणजे थांब. पुढं हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की माझी मुलं लहानपणी खेळताना तोच म्हणायची.

"हाताकडं बघा तुमच्या."

मी बघितलं. माझा हात गादी वर ओढतच होता.

"पाय थांबले. तोंड फिरलं. हाताला अजून कळलं न्हाय," सर म्हणाले, आणि मग आठवल्यासारखं, "या, या. वर पाण्याचं पिंप भरून ठेवलंय."

आत काकू ओरडत होत्या, "पुन्हा चेपवलीत का परात?" परातीच्या काठाला इतके पोचे होते की तिच्यात कणीक मळताना ती डुगडुगायची.

सरांचा सगळा उद्योग या एका गोष्टीभोवती होता. अचंबा चित्रात कसा धरायचा. त्यांचं म्हणणं, दुःख धरता येतं, कारण दुःखी माणूस बराच वेळ तसाच बसून राहतो. अचंब्याचं तसं नाही. तो आला की गेला, आणि मागं राहतं ते भीती नाहीतर हसू. म्हणून चित्रकार काय करतात, तर नाटकातून उचलतात. डोळे मोठे, तोंडाचा आ, हात वर. सरांच्या बाहेरच्या खोलीत जुन्या कॅलेंडरांची भिंतच होती. त्यातलं एकही शोभेसाठी नव्हतं. ती चुकांची भिंत होती. आल्यागेल्याला चहा प्यायच्या आधी तिच्यासमोर उभं राहावं लागे.

"हे बघा. खांब फुटून नरसिंह बाहेर येतोय. आणि ह्या राजाची गदा कुटं हाय? वर. म्हणजे ह्याला आधीच कळलंय की. खरं तर ती खाली लोंबायला पायजे. तो आता कुठं खांबाला लाथ घालून मोकळा झालाय. पाय अजून खांबाकडंच हाय त्याचा."

मग यशोदा. कृष्णानं तोंड उघडलंय आणि आत सगळं विश्व दिसतंय. यशोदेचे दोन्ही हात हवेत.

"का वर केले हिनं हात? बाई माती काढायला आलीय लेकराच्या तोंडातली. एका हातानं हनुवटी धरलीय, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात. आता आत सूर्य दिसला, चंद्र दिसला. डोळे गेले तिकडं. बोट? बोट माती शोधतंय अजून." इथं ते स्वतःचं बोट हवेत हळूहळू फिरवायचे. "हे कुणी काढलं तर मी त्याच्या पाया पडेन."

परदेशी चित्रांचीही पुस्तकं होती त्यांच्याकडं, जुन्या बाजारातून आणलेली, पानं सुटलेली. त्यातलं एक ते पुन्हा पुन्हा काढायचे. देवदूत बातमी घेऊन आलाय, आणि वाचत बसलेली मुलगी वळून बघतेय. पण पुस्तकात कुठवर आलो ते हरवू नये म्हणून तिचं बोट पानांत तसंच आहे. "ह्याला कळलं होतं," सर त्या चित्रकाराविषयी म्हणत. त्यांच्या तोंडून कुणाचं एवढं कौतुक मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

शाळेत त्यांचा उपद्रवच होता म्हणा. वर्गात खिडकीतून शिरत. एकदा शिक्षकसभेत आमचे हेडमास्तर सह्या करत बसले होते. सर त्यांच्या कानाशी वाकून शांतपणे म्हणाले, "साहेब, खुर्चीखाली साप हाय." हेडमास्तर ताडकन उठून टेबलावर चढले. सगळे हसले. सर हसले नाहीत, ते काढत होते. नंतर मेमो आला. सरांनी मेमोच्या पाठकोऱ्या बाजूवरच ते चित्र पक्कं केलं आणि मला दाखवलं. टेबलावर चढता चढता हेडमास्तर पेनाला टोपण लावत होते.

स्वतः मात्र कधी दचकायचे नाहीत. पोरांनी खडूच्या डब्यात रबरी पाल ठेवली, तर उचलून म्हणाले, "पाय बरे काढलेत. शेपूट चुकली." कादंबरी शेवटच्या पानापासून वाचत. बंद पाकीट उजेडात धरून बघितल्याशिवाय फाडत नसत. एकदा काकूंनी न सांगता शेंगापोळी केली, तर ताटावर बसून खट्टू झाले, की आधी सांगायचं नाही का. मी विचारलं, "सर, दुसऱ्यांना एवढं दचकवता आणि स्वतः का असे सांभाळून असता?"

"मी दचकलो तर काढणार कोण?" ते म्हणाले. थट्टेत म्हणाले नाहीत.

कार्डावर काढलेलं ते लाकडात कोरायचे. सागाचा ठोकळा, बारीक मोठ्या कोरण्या, काळी शाई, रोलर. मशीन नव्हतं. ठोकळ्यावर कागद ठेवून आमटीच्या डावाच्या पाठीनं घासून छाप काढायचे आणि स्वयंपाकघरातल्या तारेवर, काकूंच्या फडक्यांशेजारी, चिमट्यानं वाळत घालायचे. कोरलं तेवढं पांढरं, राहिलं तेवढं काळं. चुकलं तर भरता येत नाही. जो ठोकळा मनातून उतरला त्याच्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत कोरणीची एक तिरकी रेघ ओढायचे, म्हणजे पुन्हा त्याचा छाप काढायचा मोह नको. याला ते काट मारणं म्हणत. पूर्वी वर्षाकाठी एखाद्या ठोकळ्याला काट बसायची. मी तिथं राहायला गेल्यानंतर काय झालं ते पुढं सांगतो.

सांगतोच.

त्यांचा सगळ्यात चांगला ठोकळा काकूंचा होता. काकूंनी अंगणवाडीसाठी अर्ज केला होता आणि आशा सोडली होती. एके दुपारी शेजारीण दारातून म्हणाली, "काकू, ऑर्डर आली की तुमची." काकू भाकरी थापत होत्या. चित्रात काकूंची मान दाराकडं वळलेली आहे. तोंड उघडं नाही की डोळे मोठे नाहीत. चेहऱ्यावर काहीच नाही. नुकती सारवलेली जमीन असते तसा चेहरा. आणि खाली हात थापतायत. भाकरी मोठी होत होत पोचे पडलेल्या परातीच्या काठाबाहेर आलीय, एका बाजूनं फाटायला लागलीय, आणि हात थापतायत. बघणाऱ्याला हसू यायचं आणि मग गप्प व्हायला व्हायचं. काकू स्वतः त्याला नाव ठेवायच्या. "भाकरी बिघडवलेली तेवढी बरी दिसली तुम्हाला."

आता माझं.

मला एक धाकटा भाऊ आहे. आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याकाठी. बारावीला नापास झाला तेव्हा वडील त्याला चारचौघांत नको ते बोलले, आणि तो घरातून गेला. वडील वारले तेव्हाही तो आला नाही, त्याला कळलंच नव्हतं. मग आई माझ्याकडं सोलापुरात आली, सरांच्या वरच्या खोल्यांत. तांदूळ निवडताना, देवाला दिवा लावताना, जिन्यात पाऊल वाजलं की, ती मान वर करायची. मी आलेला दिसलो की म्हणायची, "तू हाईस व्हय." रोज म्हणायची.

वडील गेल्यानंतर थोड्याच दिवसांत तो मला सापडला होता. अक्कलकोटला, स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर. गिऱ्हाइकांशी कानडीत बोलत होता, म्हणून आधी ओळखलाच नाही. मी त्याला वडिलांचं सांगितलं. तो गाड्यामागं जाऊन बसला. मग म्हणाला, "आईला सांगू नगंस इतक्यात." मी बरं म्हटलं. पुढं सहा-आठ महिन्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा त्यानंच विचारलं, "आई काय म्हनती? ये म्हनली तर येतो मी."

मी म्हटलं, विचारतो.

विचारलं नाही. पुढल्या खेपेला त्यानं विचारलं, तेव्हा म्हटलं की तिची तब्येत नाजूक आहे, बघू. तो माझ्यावर विश्वासून थांबला. वर्षं गेली. मला त्याचा राग नव्हता. वाटणीचा प्रश्न नव्हता, आमच्यात वाटायला काही नव्हतं. कारण एवढंच होतं की आई शेजारणींना सांगायची, "थोरल्यानं काय कमी पडू दिलं न्हाई." मी चांगला मुलगा होतो, आणि एकटाच होतो. ते मला सोडवत नव्हतं. हे वाक्य लिहायला मला आयुष्याची निम्मी वर्षं लागली, आणि लिहिल्यावर ते एवढंसंच दिसतंय.

सर अक्कलकोटला जायचे. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्यांची तोंडं काढायला. चहाला थांबले असताना त्यांनी माझ्या भावाचे कान ओळखले. माझे कान त्यांनी कार्डावर इतक्यांदा काढले होते की त्यांना नाव विचारायचीही गरज पडली नाही. त्यांनी त्याला सोलापूरला यायला राजी केलं, आणि एक अट घातली. घरी कळवायचं नाही. त्या क्षणी माझं तोंड कसं होतं ते त्यांना बघायचं होतं; मी भावाला आधीच भेटलोय हे त्यांना माहीत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी भावाचा फोन आला. "तुझं सर उद्या मला आनतायत. तुला सांगू नको म्हनले." मग थोडा वेळ गाड्यावरची भांडी वाजत राहिली. "मी काय बोलनार न्हाई. तू ठरव."

म्हणजे माझ्यापाशी एक संध्याकाळ होती आणि एक सकाळ. आई समोर बसली होती. मला तिला सांगता आलं असतं. मी बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहून तोंड करून बघितलं. भुवया किती वर, ओठ किती उघडे. जास्त झालं की खोटं दिसत होतं. सरांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांतली एकेक चूक मला पाठ होती, आणि तरी मी तीच करत होतो.

रविवारी सर वर आले. लोखंडी पेटी दाराच्या बाजूला ओढून तिच्यावर बसले, दार उघडणाऱ्याचं तोंड दिसेल असे. त्यांच्या पाठीमागं भिंतीला टेकून आई सुपात तांदूळ निवडत होती. माझ्या हातात चहाचा कप होता. सर म्हणाले, "मास्तर, दारात कोण हाय बघा जरा, कडी वाजली." कडी वाजली नव्हती. मी कप घेऊनच उठलो आणि डाव्या हातानं दार उघडलं.

भाऊ उभा होता. नवा शर्ट घालून, घडीच्या रेघा तशाच.

मी कप तोंडाच्या वाटेवर अर्ध्यात थांबवला. थांबला नाही. मी थांबवला. ओठ उघडले. सरांची पेन्सिल चालायला लागल्याचं ऐकू आलं. "आगु," ते पुटपुटले, "आगु, आगु, तसंच." मी तसाच राहिलो. भाऊ माझ्याकडं बघत होता आणि त्याला सगळं समजत होतं. त्याची नजर चुकवायला म्हणून मी मागं आईकडं बघितलं.

आई त्याच्याकडं बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. काकूंच्या चित्रातल्यासारखं, काहीच नव्हतं. आणि तिची बोटं सुपात चालली होती. एक खडा बाजूला सारला. दुसरा सारला. मग खडे संपले असावेत, कारण बोटं चांगले तांदूळ बाजूला सारायला लागली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग सूप कलंडलं, तांदूळ खाली सांडले, आणि ती म्हणाली, "वाळलास की रं."

सरांनी मान वळवली तेव्हा ती रडत होती. त्यांना दिसलं ते रडणं. ते कुणालाही दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. दाढी केली नव्हती. म्हणाले, "मास्तर, मी सगळं आयुष्य चुकलो. हात मागं राहत न्हाय. हात थांबतो. काल डोळ्यानं बघितलं."

मी म्हटलं, "एकाच माणसावरून कसं ठरवता सर?"

"आत्तापर्यंत बघितलं ते परातीचं दचकणं. साप, परात, पाल. भावासारखी बातमी कुणाच्या दारात उभी केली होती मी? हे खरं. बाकी माझं डोकं."

तेव्हा सांगता आलं असतं. घंटा झाली. मी तासाला गेलो.

त्यांनी माझा ठोकळा कोरला. मध्ये थांबलेला कप, उघडे ओठ. लोकांना तो फार आवडला. पुण्याच्या कुणीतरी नेला, कुठं कुठं लावला गेला. मी जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला, तेव्हा सरांनी त्याचा छाप फ्रेम करून दिला. बायकोनं तो हॉलमध्ये लावला. पाहुणे म्हणतात, काय भाव पकडलाय. त्यात काय पकडलंय ते मला माहीत आहे. चोरी पकडली गेल्यावरचा माणूस आहे तो.

भाऊ सोलापुरातच चहाचा गाडा टाकून आईपाशी राहिला. तिचं शेवटचं सगळं त्यानंच केलं. मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. न विचारणं हे काय असतं ते भाऊ असलेल्यांना कळेल.

आणि सरांनी काट मारायला सुरुवात केली. माझा ठोकळा हे त्यांचं माप झालं. ज्या ज्या ठोकळ्यात हात मागं राहिले होते ते सगळे खोटे. रविवारी मी त्यांच्याकडं जायचा रिवाज होता; एव्हाना ते मला अरे-तुरे करत. चहा झाला की ते फळीवरून एक ठोकळा काढत. त्यांच्या मनगटात जोर राहिला नव्हता, ठोकळा सरकायचा, म्हणून तो धरायला मी. दोन्ही तळव्यांनी दाबून धरायचा आणि कोरणीवर नजर ठेवायची, नाहीतर बोट जायचं. गादी ओढणारा मी गेला. पेनाला टोपण लावणारे हेडमास्तर गेले. मातीसाठी बोट फिरवणारी यशोदा, जी शेवटी त्यांनी स्वतःच कोरली होती, ती गेली. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. प्रत्येक वेळी कोरणी कोपऱ्यापर्यंत पोचायची, सर फुंकर मारून भुगा उडवायचे आणि म्हणायचे, "मोकळं झालं." मी घरी येताना स्कूटरवर दुसरंच काहीतरी गुणगुणत यायचो. माणूस काहीही करू शकतो.

काकू गेल्या. त्यांच्या ठोकळ्याला सरांनी हात लावला नाही. मी मनात म्हटलं, हा तरी वाचला.

यंदा मे महिन्यात शहरातल्या काही चित्रकारांनी सरांच्या छापांचं प्रदर्शन करायचं ठरवलं. सरांनी त्यांना सांगितलं, एकच देतो, मास्तरांचा. त्या रविवारी गेलो तर टेबलावर काकूंचा ठोकळा काढून ठेवलेला.

"हा कशाला काढलात?"

"लोक येणार. विचारणार, अजून काय हाय घरात. खोटं बोलायचं का मी?" ते कोरणीला धार लावत होते. "हिचा म्हणून ठेवला होता. पण हिचा म्हणून खोटा खरा होतो व्हय? हीच म्हणाली असती, उचला तो पसारा."

"राहू द्या सर. फोटो समजून राहू द्या."

"फोटो हाय की भिंतीवर. धर."

मी धरला. लाकूड गार होतं. बाहेर माग चालू होते. सरांनी वरच्या कोपऱ्यात कोरणी टेकवली, अंगाचा भार दिला, आणि रेघ निघाली. दाराच्या चौकटीतून, शेजारणीच्या डोक्यावरून. लाकडाची बारीक साल वळत वर येत होती. कोरणी काकूंच्या खांद्यापाशी आली.

"सर, मला माहीत होतं," मी म्हणालो. "भाऊ दाराबाहेर आहे ते मला आधीच माहीत होतं. कप मी मुद्दाम थांबवला."

कोरणी पुढं गेली. खांद्यावरून दंडावर, दंडावरून कोपराकडं, त्याच जोरानं, तितकीच सरळ. मग ती जरा हलली, एक बारीक वळण घेऊन मनगटाच्या अलीकडं थांबली.

मग सर म्हणाले, "आगु."

मला वाटलं मला म्हणाले. मान वर केली, तर त्यांनी डावा हात उचलला होता आणि बोटांनी स्वतःचं तोंड चाचपत होते. कपाळ, भुवया, ओठ. घाईनं, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं.

"कसं झालं होतं?" त्यांनी विचारलं. "तोंड. आत्ता. तू बोललास तेव्हा."

मला काहीही सांगता आलं असतं. त्यांच्या घरात इतकी वर्षं काढून मला ते वर्णन करता आलं असतं, आणि त्यांना बरं वाटलं असतं.

"बघितलं नाही सर. कोरणीकडं बघत होतो."

"काहीच न्हाय?"

"नाही."

ते खुर्चीवर बसले. "एकदाच झालं की रे," ते म्हणाले. "आन् बघणारा खाली मान घालून." मग बराच वेळ बाहेरच्या खटखटीकडं कान लावून बसले. मला शिव्या देतील असं वाटत होतं. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

मी म्हटलं, "त्या दिवशी तुमच्या पाठीमागं आई होती."

आणि सगळं सांगितलं. सूप, खडे, खडे संपल्यावर चांगले तांदूळ. भावाला किती वर्षं थांबवलं तेही सांगितलं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. सरांनी मध्ये फक्त एकदा थांबवलं.

"कुठल्या हाताची बोटं?"

"उजव्या."

"आणि डावा?"

"सुपाच्या काठाला."

त्यांनी मान हलवली. त्यांची उजवी बोटं टेबलावर, भुग्यात, काहीतरी बाजूला सारत होती. हे मात्र मी बघितलं.

"आईला सांगितलंस कधी?"

"नाही."

"भावाला?"

"त्याला माहीतच आहे."

"त्याला माहीत हाय ते निराळं," सर म्हणाले. "तू सांगितलंस का विचारलं मी."

ते उठले. शाईचा डबा उघडला, काचेवर शाई पसरली, रोलर फिरवला आणि काकूंच्या ठोकळ्यावर चढवला. मला म्हणाले, "कागद धर." डावाच्या पाठीनं घासताना त्यांचा दम लागत होता, पण डाव माझ्याकडं दिला नाही. कागद सोलून वर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

काकूंची मान दाराकडं वळलेली होती. चेहरा शाबूत होता. भाकरी काठाबाहेर आलेली, हात थापत होते. आणि दारातून आलेली पांढरी रेघ त्यांच्या दंडावरून उतरून मनगटापाशी, जरा वळून, थांबली होती.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला.

"तू बोललास तेव्हा कोरणी कुठं होती?"

"खांद्यापाशी."

त्यांनी ओल्या शाईवर, खांद्यापाशी, अंगठा टेकवला. "हितं?"

"जरा वर."

"हितं?"

"हो."

मग जिथं रेघ थांबली होती तिथं तर्जनी टेकवली. दोन बोटांमध्ये काकूंचा अख्खा दंड होता. सर त्या अंतराकडं बघत राहिले. बोटं काळी झाली होती, त्यांचे ठसे कागदावर उमटले होते, पण ती त्यांनी उचलली नाहीत.

"एवढा येळ," ते म्हणाले. "एवढा येळ माझ्या हाताला कळलं न्हवतं."

प्रदर्शनात आता तोच छाप आहे, अंगठ्या-बोटाच्या ठशांसकट. माझा त्यांनी पाठवला नाही. त्या रविवारी घरी येऊन मी हॉलमधली फ्रेम उतरवली. बायकोनं विचारलं, "का काढली?" मी म्हटलं, सांगतो. मग भावाला फोन लावला. तिकडून तो म्हणाला, "बोल." मी उभ्यानं बोलत होतो, येरझाऱ्या घालत. सगळं बोलून झाल्यावर पलीकडं काही ऐकू येईना. फोन कट झाला की काय म्हणून मी कानाशी दाबून धरला.

मागं चहा गाळल्याचा आवाज येत होता. एका ग्लासात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.